तुम्ही विचारलंत म्हणून: ॲनिमे म्हणजे कार्टूनच ना?

"मॅडम, एक विचारू का? ते ॲनिमे म्हणजे नक्की काय असतं? कार्टूनच ना?"

दर जूनमध्ये नव्या बॅचची फी भरायला आलेला निदान तिसरा पालक मला हा प्रश्न विचारतो. मी पुण्यात जपानी शिकवते, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. सुरुवातीला वर्गात यायची ती कंपन्यांतली माणसं. कुणाला कारखान्यात जपानी साहेबांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून शिकायचं असायचं, कुणाला आयटीतून योकोहामाला जायचं असायचं. फॉर्मवर 'जपानी का शिकायचे आहे?' असा एक रकाना आहे. त्यात तेव्हा 'करिअर' लिहिलेलं असायचं, फार तर 'आवड'. आता सोळा-सतरा वर्षांची पोरं त्याच रकान्यात एकच शब्द लिहितात आणि तोही चार तऱ्हांनी: ॲनिमे, ॲनिमी, अनिमे, एनिमे. सोबत आलेले आई-बाबा तो रकाना वाचतात, माझ्याकडे बघतात आणि मुलगा पाणी प्यायला बाहेर गेला की हळू आवाजात विचारतात.

ऑफिसात गर्दी असते तेव्हा मी "हो, तसंच काहीसं" म्हणून पावती फाडते. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. पूर्ण उत्तराला चहा लागतो.

आधी शब्द घेऊ. 'ॲनिमे' हा जन्मानं जपानी नाही, इंग्रजी आहे. 'ॲनिमेशन' जपानीत गेलं तेव्हा त्याचं 'आनिमेशोन' झालं. जपानी भाषेत 'ॲ' नाही, म्हणून 'आ' आला. आता जपानी माणूस शब्द मोजतो तो मात्रांत. आपल्या छंदशास्त्रातली मात्रा असते ना, जवळपास तशीच. आ-नि-मे-ए-शो-न अशा सहा मात्रा झाल्या. रोजच्या बोलण्यात सहा मात्रांचा परदेशी शब्द जपान्यांना जड होतो. ते सरळ कात्री लावतात. टेलिव्हिजनचं 'तेरेबी' करतात, पर्सनल कॉम्प्युटरचं 'पासोकोन', रिमोट कंट्रोलचं 'रिमोकोन', चोवीस तास उघड्या असणाऱ्या कन्व्हीनियन्स स्टोअरचं 'कोनबिनी'. बिल्डिंगचं तर नुसतं 'बिरु' उरतं. (त्यातला 'बि' जरा लांबवला की अर्थ होतो बिअर. पहिल्या सहामाहीत एक तरी विद्यार्थी 'मी रोज संध्याकाळी इमारत पितो' असं वाक्य छातीठोकपणे सांगतो.) त्याच कात्रीनं 'आनिमेशोन'चे पुढचे तीन तुकडे ठेवले आणि मागचे टाकून दिले. उरलं ते 'आनिमे'. या शब्दात जपान कुठेच नाही, जपानी आहे ती फक्त कापायची पद्धत.

गंमत म्हणजे आपण तो शब्द परत घेतला तेव्हा त्यावर पुन्हा 'ॲ' चढवला. देवनागरीत 'आनिमे' लिहिणं अगदी सोपं होतं, जपानी उच्चाराच्या जास्त जवळही गेलं असतं. पण तो आपल्याकडे टोकियोहून थेट आला नाही, इंग्रजीमार्गे आला. त्यामुळे जपान्यांनी जे काढून टाकलं होतं, तेच आपण पुन्हा लावलं. मी वर्गात 'आनिमे' म्हणते, घरी 'ॲनिमे' म्हणते आणि लिहिताना माझं मलाच हसू येतं.

इथे एक कबुली देऊन टाकते. शिकवायला लागले तेव्हा पहिली चार वर्षं मी वर्गात ठामपणे सांगत असे की हा शब्द फ्रेंच आहे. फ्रेंचमध्ये कार्टूनपटाला 'देसँ आनिमे' म्हणतात, म्हणजे जिवंत केलेली चित्रं. उच्चार तंतोतंत जुळतो, शिवाय फ्रेंच म्हटलं की माहितीला आपोआप वजन येतं. मी ते कुठेतरी वाचलं होतं आणि तपासलं नव्हतं. एके दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सेन्सेई, मग तेरेबी पण फ्रेंच का?" प्रश्न भोचक होता आणि बरोबर होता. फ्रेंचमधून घेतला असता तर आखूड शब्द आधी यायला हवा होता. जपानीत आधी दिसतो तो अख्खा 'आनिमेशोन'. १९६० साली तिघा चित्रकारांनी मिळून स्वतःच्या प्रयोगशील लघुपटांसाठी एक गट काढला, त्याचं नाव 'आनिमेशोन सान्निन नो काइ', म्हणजे ॲनिमेशनवाल्या तिघांची मंडळी. आखूड रूप रुळलं ते त्यानंतर. तेव्हापासून मी फ्रेंच सोडलं. इंटरनेटवर अजून ते फिरत असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

मग त्याआधी जपानी लोक या प्रकाराला काय म्हणत होते? हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण शब्दांवरून कळतं की समाजाला एखादी गोष्ट नेमकी काय वाटत होती. १९१०च्या दशकात परदेशी कार्टूनपट जपानी थिएटरांत आले तेव्हा त्यांना 'देकोबो शिन्गाचो' असं लांबलचक नाव मिळालं. देकोबो म्हणजे एक खट्याळ पोरगा आणि बाकीचा अर्थ त्याचं नवं चित्रांचं पुस्तक. म्हणजे चित्रपट नव्हे, पुस्तकच, फक्त पानं आपोआप उलटणारं! १९१७ साली शिमोकावा ओतेन, कोउची जुनइची आणि कितायामा सेइतारो या तिघांनी, एकमेकांपासून वेगवेगळं काम करत, जपानमधले पहिले असे लघुपट केले. कोउचींचा सिनेमा एका सामुरायचा आहे, ज्याला कुणीतरी बोथट तलवार विकून फसवलेलं असतं. चारेक मिनिटांची ती फिल्म नाहीशी झाली होती. नव्वद वर्षांनी ती ओसाकातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडली.

(१९१७चा अभिमान सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आठवण करून देते की त्याच्या दोन वर्षं आधी, १९१५ साली, दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक इंच सरकवत 'आगकाड्यांची मौज' केलं होतं. त्यांना स्पर्धा लावायची नाही, पण काड्यांची हकिगत पोरांना माहीत असावी.)

पुढे 'सेनगा' म्हणजे रेषाचित्र हा शब्द आला, 'मांगा एइगा' म्हणजे व्यंगचित्र-सिनेमा हा आला आणि 'दोगा' आला. 'दो' म्हणजे हलणं, 'गा' म्हणजे चित्र. हलतं चित्र. आपल्या गणपतीतल्या 'हलत्या देखाव्या'त जो 'हलता' आहे, अगदी तोच. 'दोगा'ची बाजू मासाओका केन्झो या दिग्दर्शकानं लावून धरली आणि शब्दाला मान मिळाला तो १९५६मध्ये, जेव्हा तोएई कंपनीनं आपला स्टुडिओ काढला आणि नाव ठेवलं 'तोएई दोगा'. या स्टुडिओचा 'हाकुजादेन' १९५८मध्ये आला, जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. चिनी लोककथेतल्या पांढऱ्या सर्पिणीची ती प्रेमकथा. पुढे जगप्रसिद्ध झालेले दिग्दर्शक मियाझाकी हायाओ तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. तो पाहून ते हलून गेले, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. पाच वर्षांनी ते त्याच स्टुडिओत नोकरीला लागले.

'दोगा' मेला नाही बरं का. स्टुडिओत आजही दोन मुख्य चित्रांच्या मधली जी चित्रं काढतात त्यांना 'दोगा' म्हणतात. आणि बाहेर, मोबाइलवर, कुठल्याही व्हिडिओला 'दोगा'च म्हणतात. मांजराचा व्हिडिओ असो की लग्नाचा.

म्हणजे घरचे चांगले अर्थवाही शब्द होते. मग 'आनिमे' जिंकला कसा? माझं मत असं की त्याला स्वस्ताईनं जिंकवलं. १ जानेवारी १९६३ रोजी तेझुका ओसामु यांची 'तेत्सुवान आतोमु', जगाला 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून माहीत असलेली मालिका, जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास. सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. मोठे स्टुडिओ सेकंदाला चोवीस, निदान बारा चित्रं काढत. तसं करत बसलं तर दर आठवड्याला एक भाग कुणाच्या बापाला जमला नसता. तेझुकांनी एकच चित्र तीन चौकटींना वापरलं, सेकंदाला आठ. पात्र बोलताना फक्त ओठ हलायचे, बाकी चेहरा तसाच. धावणाऱ्याची चित्रं जपून ठेवायची आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायची. या साठवणीला ते चक्क 'बँक' म्हणत. आजही ॲनिमेत स्थिर चेहरा, वाऱ्यानं उडणारे केस, मागे धावणाऱ्या रेषा दिसतात, ती मुलांना 'शैली' वाटते. शैली ती झालीच, पण तिचा जन्म काटकसरीतून आहे. आपल्याकडे उरलेल्या पोळीचा कुस्करा करतात आणि पुढे मुलं मुद्दाम कुस्कराच मागतात, तसंच.

तर दर आठवड्याला असं काही बनू लागलं, एकामागून एक मालिका आल्या आणि कामाच्या जागी बोलायला पटकन तोंडात बसेल असा शब्द हवा झाला. 'आनिमे' तेव्हा, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, धंद्यातल्या लोकांच्या आणि सिनेमाच्या मासिकांच्या बोलीत होता. घराघरांतली मुलं मात्र 'तेरेबी मांगा' म्हणत, टीव्हीवरची चित्रकथा. सामान्य माणसाच्या तोंडी 'आनिमे' बसला तो पुढच्या दशकाच्या शेवटी. अवकाशात निघालेल्या युद्धनौकेची 'यामातो' ही मालिका १९७४मध्ये पहिल्या खेपेला फारशी चालली नाही. १९७७मध्ये तिचा सिनेमा आला तेव्हा कॉलेजातली मुलं पहाटेपासून रांगेत उभी होती. ती मुलं 'तेरेबी मांगा' हा पोरकट शब्द स्वतःच्या आवडीला लावून घ्यायला तयार नव्हती. पुढच्याच वर्षी, १९७८मध्ये, 'आनिमेज' हे मासिक निघालं, आनिमे आणि इमेज जोडून. २२ फेब्रुवारी १९८१ला तर टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनाबाहेर 'गंदाम' या अवकाशयुद्धाच्या मालिकेचे हजारो चाहते जमले आणि व्यासपीठावरून 'आनिमेच्या नव्या युगाची घोषणा' वाचली गेली. ती घोषणा जाहिरातीचा भाग होती हे खरंच. पण हजारो तरुण माणसं एका शब्दाखाली रस्त्यावर उभी राहतात तेव्हा तो शब्द पक्का होतो, जाहिरात असो वा नसो.

शब्द जिंकल्याची पावती दोन पाट्यांवर दिसते. शाळेच्या सुट्ट्यांत तोएई लहान मुलांसाठी चार-पाच फिल्म एकत्र दाखवायची, त्याचं नाव होतं 'तोएई मांगा मात्सुरी', म्हणजे चित्रकथांची जत्रा. १९९०मध्ये त्याचं नाव झालं 'तोएई आनिमे फेअर'. आणि १९९८मध्ये 'तोएई दोगा'नं दारावरची पाटीच बदलली: 'तोएई ॲनिमेशन'. हलतं चित्र स्वतःच्या घरातून बाहेर पडलं.

सगळ्यांना हे रुचलं नाही. मियाझाकी आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी ताकाहाता इसाओ यांना शेवटपर्यंत 'मांगा एइगा' हाच शब्द जवळचा वाटत राहिला. मियाझाकींना 'आनिमे' या कापलेल्या शब्दातच घाईघाईनं उरकलेलं काम दिसे. ज्यांच्या नावानं आज जग ॲनिमे ओळखतं त्यांनाच तो शब्द नको होता. माझ्या वर्गातली पोरं हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसतात. एरवी ते अवघड असतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग: कार्टूनच ना? तुम्ही हा प्रश्न जपानमध्ये विचारलात तर उत्तर 'हो' येईल, तेही तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त उदार 'हो'. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाला भेट द्यायला ओकायामाहून एक सत्तरीच्या आजी आल्या होत्या. (पुण्याचं आणि ओकायामाचं जुनं नातं आहे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण जी तळी आणि कमानीचे पूल बघायला जातो, ती बाग त्या मैत्रीचीच.) मुलांनी प्रश्नांची यादी काढून ठेवली होती. पहिला प्रश्न, मोठ्या आदरार्थी क्रियापदासह, हाच: तुम्हाला कोणतं आनिमे आवडतं? आजींनी क्षणभर विचार केला आणि चेहरा खुलवून सांगितलं, "तोमु तो जेरी."

वर्गात शांतता. मग हशा. एकीनं वहीत लिहून घेतलेलं खोडलंसुद्धा. तिला वाटलं आजींना प्रश्न कळला नाही.

आजींना प्रश्न नीट कळला होता. जपानमध्ये 'आनिमे' म्हणजे हलणारी चित्रं, मग ती कुणीही काढलेली असोत. टॉम आणि जेरी आनिमे, डिस्नेचे सगळे सिनेमे आनिमे, आपला छोटा भीमसुद्धा तिथे आनिमेच. 'जपानमध्ये बनलेलं' हा अर्थ त्या शब्दाला जपान्यांनी दिलेला नाही. तो बाहेरच्यांनी दिला. अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकात या मालिकांना 'जपानिमेशन' म्हणायचे. त्या शब्दाचा पहिला तुकडा, 'जॅप', वेगळा तोडला की जपान्यांना दिली जाणारी युद्धकाळातली शिवी ऐकू येते, म्हणून तो लोकांना खुपू लागला. नव्वदच्या दशकात त्याची जागा 'ॲनिमे'नं घेतली, आणि इंग्रजीत 'ॲनिमेशन' हा पूर्ण शब्द आधीच असल्यामुळे कापलेल्या शब्दाला फक्त जपानी मालाचं काम उरलं. तोच अर्थ घेऊन तो आपल्याकडे आला.

शब्द घरी सगळ्यांचा आणि परदेशात एकट्याचा, हे नवं नाही. जपानीत 'साके' म्हणजे कुठलीही दारू, बिअर काय आणि व्हिस्की काय. बाहेर मात्र साके म्हणजे फक्त तांदळाची. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्या ऑफिसखालच्या दुकानात 'चाय टी' मिळतो, म्हणजे दालचिनी-वेलदोड्याचा दुधाळ प्रकार. तिनं साधा चहा मागितला तर विचारतात, "चाय की टी?" आईचा फोन आला की ती तेवढाच एक विनोद पुन्हा सांगते. आणि आपण तरी काय वेगळे? स्टीलचा ग्लास इंग्रजी माणसाला विचारून बघा. किंवा कोपऱ्यावरची रिक्षा घ्या. शब्द जपानी आहे, 'जिन-रिकि-शा', माणूस-बळ-गाडी. इंग्रजांनी त्यातला 'जिन' खाऊन टाकला, तिला माणूस ओढत होता तोवर अर्थ तरी शिल्लक होता. मग पुढे इंजिन बसलं. आता 'बळगाडी' एवढंच म्हणत आपण मीटरवरून भांडतो. नागपूरवाले तर 'ऑटो' म्हणतात, त्यांनी तीही कटकट ठेवली नाही. तेव्हा आजी बरोबर आणि माझे विद्यार्थी चूक, असं मी म्हणणार नाही. मराठीत बोलताना ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन, हा अर्थ आता इथला आहे. फक्त जपानी माणसाशी बोलताना तो बाजूला ठेवावा, नाहीतर टॉम आणि जेरी मध्ये येतात.

'कार्टून' या शब्दाबद्दलही थोडं. 'कार्टून बघत बसलाय' या वाक्यात आपण जो सूर लावतो, तो तुमच्या प्रश्नात असतो, म्हणून सांगते. कार्टून मूळचं इटालियन 'कार्तोने', म्हणजे जाड कागद. भिंतीवर चित्र रंगवण्याआधी चित्रकार मोठ्या जाड कागदावर पूर्ण मापाचं रेखाटन करत, ते कार्टून. 'पंच' या लंडनच्या साप्ताहिकानं १८४३ साली तो शब्द थट्टेच्या चित्रांना लावला आणि तेव्हापासून तो हसण्यावारीच गेला. सामान पाठवायचा कार्टन त्याच कुळातला.

या एका शब्दानं आपल्याकडे एकदा चांगलीच अडचण केली होती. युगो साको नावाच्या जपानी निर्मात्यानं ऐंशीच्या दशकात भारतात येऊन पुरातत्त्ववेत्ते बी. बी. लाल यांच्या रामायणाशी निगडित उत्खननावर माहितीपट केला. रामायणानं ते इतके भारावले की त्यावर पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट करायचा त्यांनी ध्यास घेतला. आक्षेप आला तो मुख्यतः असा: रामायणाचं कार्टून कसं करता? साकोंना समजावून सांगावं लागलं की त्यांच्या देशात हा पोरखेळ मानत नाहीत. शेवटी मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले राम मोहन त्यांच्यासोबत उभे राहिले, दोन देशांचे चित्रकार बसले आणि १९९२मध्ये तो सिनेमा पुरा झाला. आपल्या थिएटरांत तो मोठ्या प्रमाणावर लागायला २०२५ उजाडलं. मी भाच्यांना घेऊन गेले होते. मध्यंतरात धाकट्यानं विचारलं, "मावशी, हे ॲनिमे आहे की इंडियन?" मी पॉपकॉर्नच्या रांगेत होते, म्हणून सुटले. जपानी अर्थानं आनिमे आहेच. मराठी अर्थानं निम्मं.

आता तुम्ही म्हणाल, शब्दाचा अर्थ काय ते तर सांगितलंच नाहीत. तो सांगायला मला माझ्या आजोबांच्या पाटापर्यंत जावं लागतं. ॲनिमेशनच्या मुळाशी लॅटिनमधला 'आनिमा' आहे: श्वास, जीव. त्यावरून क्रियापद 'आनिमारे', जीव घालणं. हा लॅटिन शब्द आणि संस्कृतातला 'अन्' धातू, 'अनिति' म्हणजे श्वास घेतो, हे एकाच मुळाचे. त्या 'अन्'ला 'प्र' लागला की होतो प्राण. आजोबा जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा' म्हणत आणि आम्ही पोरं वरणभाताकडे बघत पाच मोजत असू. त्या पाचही शब्दांच्या पोटात तोच 'अन्' आहे. वारा म्हणजे अनिल, त्यातही तो आहे. लॅटिनवाल्यांनी आनिमावरून 'ॲनिमल' केला, आपण प्राणावरून 'प्राणी' केला, एकमेकांना न विचारता. मराठीत ॲनिमेशनला 'सचेतन' असं काहीतरी म्हटलेलं अधूनमधून वाचायला मिळतं. माझं मत विचाराल तर गणपती बसवताना आपण मातीच्या मूर्तीची जी प्राणप्रतिष्ठा करतो, तो शब्द या कामाला जास्त जवळचा आहे. अर्थात तो कुणी सिनेमाला लावू देणार नाही आणि लावूही नये.

जाता जाता: मियाझाकींच्या 'जिबुली' स्टुडिओचं नाव हेही वाऱ्याचंच आहे. सहाराच्या उष्ण वाऱ्याला इटालियनमध्ये 'गिब्ली' म्हणतात, त्या नावाचं एक इटालियन विमान होतं. मियाझाकी विमानवेडे, त्यांनी नाव उचललं आणि उच्चार तेवढा चुकला. १९८५पासून चुकलेलाच आहे.

मागच्या जूनमधले एक बाबा मात्र हे सगळं ऐकून घेऊनही खुश नव्हते. "ते ठीक आहे हो, पण आमच्या वेळी असलं काही खूळ नव्हतं." मी विचारलं, रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघायचात का? त्यांचा चेहरा असा काही बदलला की विचारू नका. बघायचे म्हणजे काय, शेरखानच्या आवाजातले संवाद पाठ होते, नाना पाटेकरांच्या आवाजातले. आंघोळ टाळून बघायचे. मी सांगितलं की ती 'निप्पॉन ॲनिमेशन' या कंपनीची १९८९ सालची जपानी मालिका, आपल्याकडे हिंदीत आणली होती. ते बराच वेळ फीच्या पावतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी पण ॲनिमेच बघत होतो?" मुलगा पाणी पिऊन परत आला तेव्हा त्याला काही बोलले नाहीत, पण स्वतःसाठी माहितीपत्रक मागून घेतलं.

पालकांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ॲनिमे बघून जपानी येतं का? येतं, पण कुणाचं जपानी येतं ते बघावं लागतं. ॲनिमेतले लढवय्ये एकमेकांना 'ओमाए' म्हणतात. शब्दकोशात त्याचा अर्थ 'तू' दिलेला असतो. पण मोठ्या माणसाला 'ओमाए' म्हणणं म्हणजे मराठी शिकायला आलेल्या पाहुण्यानं वर्गात शिरताच बाईंना "काय गं ए" करणं. याच जुलैत एका मुलानं गृहपाठ परत देताना मला अगदी प्रेमानं, उत्तम उच्चारात, 'ओमाए' म्हटलं. मागची दोन पोरं टेबलाखाली गेली. मी काही रागावले नाही. त्याला काताकाना लिपीतून, म्हणजे परदेशी शब्द लिहायच्या जपानी लिपीतून, एकच शब्द पन्नास वेळा गिरवून आणायला सांगितला: आनिमेशोन. पूर्ण, न कापता, आणि 'मे'नंतरची लांबवायची आडवी रेघ न विसरता. सव्विसाव्या ओळीपासून ती रेघ गायब आहे.